जपानसाठी घासलेली मांडी

उकडलेल्या कोशाला एक वास असतो. ओलं गवत, चुलीतली राख आणि तलावाच्या पाळीवर उन्हात विसरून गेलेली मासळी, ही तिन्ही एका मडक्यात घालून झाकण लावलं तर येईल तसा. तो चांगला वास आहे असं मी म्हणणार नाही. पण पौष लागला, धुकं दहा वाजेपर्यंत तलावावरून हलेनासं झालं, की आमच्या मासेमार ढिवरांच्या टोलीतल्या घराघरातून तो यायचा, आणि मग हिवाळा खरा वाटायचा. आता कित्येक वर्षांत आला नव्हता. मागच्या आठवड्यात सकाळी अंगणात शेकोटीशी बसले होते, तर एकदम आला. माझा हात आपोआप डाव्या मांडीवर गेला. नात तिथंच दात घासत होती. तिनं विचारलं, "आजी, गुडघा दुखून राह्यला काय?" मी हो म्हटलं. म्हातारपणाची एवढी एक सोय आहे. काही लपवायचं असलं की गुडघा पुढं करता येतो.

गुडघ्याच्या वरची ती जागा आता बाकीच्या मांडीसारखीच आहे. सुरकुतलेली, पण स्वच्छ. ती स्वच्छ आहे हेच तर सगळं दुखणं. सांगते.

आमची माणसं दोन गोष्टींवर जगत आली, तलावातला मासा आणि ऐनाच्या झाडावरचा कोसा, म्हणजे रानरेशमाचा कोश. पावसाळ्यात पुरुष जंगलात जायचे, ऐनाच्या पानांवर रेशमाच्या अळ्या सोडायचे आणि झोपडी बांधून पाखरांपासून त्यांची राखण करायचे. त्या चाळीस-पन्नास दिवसांत दाढी नाही, केस कापणं नाही, मासा तोंडात नाही, आणि बाईची सावली तर त्या झाडांवर पडूच द्यायची नाही. दिवाळीच्या सुमारास कोसे उतरले की मात्र सगळं उलटं. घरी आलेला कोसा बाईचा. तो राखेच्या पाण्यात उकडायचा, आणि चार-पाच कोशांचे तंतू डाव्या हातानं एकत्र ओढत उजव्या तळहातानं मांडीवर वळायचे. वळता वळता त्याचं सूत होतं. मांडीवर म्हणजे उघड्या मांडीवर. म्हणून हे काम मागच्या खोलीत, दार लावून. पुरुषानं आत यायचं नाही, आणि दारावरून जायचं असलं तरी आधी खाकरायचं. माझ्या सासऱ्यांचं निम्मं म्हातारपण खाकरण्यात गेलं.

ज्या जागी सूत वळतात तिथली कातडी हळूहळू काळी आणि जाड होते, तव्याच्या बुडासारखी. आधी फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. मग एक दिवस तंतू तिथं पाय रोवतो. घसरत नाही, पीळ घेतो. तेव्हा म्हणायचं, या बाईला आता सूत आलं. मला हे सगळं शिकवलं माझ्या थोरल्या जावेनं, द्वारकाबाईनं.

मी भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली. वडील कारखान्यात कामाला, घरात छताला पंखा, आणि मी दहावी पास. लग्न होऊन टोलीत आले तेव्हा नाक इतकं वर होतं की चालता चालता तलावात पडले असते. पहिला फोड फुटला तेव्हा दोन दिवस रडले. द्वारकाबाईनं एरंडीचं पान शेकून बांधलं आणि म्हणाली, "रड. पन हात थांबवू नको." तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, कोशाच्या राखणीला गेले असताना जंगलात साप चावून गेले होते. मूलबाळ नव्हतं. ती आमच्याच घरात राहिली. जेवायची सगळ्यांच्या नंतर, बोलायची कुणी विचारलं तर. सूत मात्र असं काढायची की दोन्ही टोकं धरून उजेडात ताणलं तरी कुठं जाड, कुठं बारीक सापडायचं नाही.

दोन हजार साल उजाडायच्या थोडं आधीचा हिवाळा. रेशीम कार्यालयाच्या जीपमधून एक जपानी बाई आल्या. युको त्यांचं नाव. लहानखुऱ्या, पन्नाशीच्या, केस कापलेले, पायात बापयांसारखे बूट. सोबत नागपूरचे एक निवृत्त गृहस्थ होते, पुष्कळ वर्षं जपानात नोकरी करून आलेले. ते दुभाषे. त्यांना सगळे काकाच म्हणत. युकोबाईंच्या गावी हातसुताची एक कार्यशाळा होती. मांडीवर सूत काढणं त्यांच्याकडे कुणाला येत नव्हतं, आणि आमच्याकडे ते बंद व्हायला आलं होतं, कारण सूत काढायची मशीन आली होती. ते पुरतं जाण्याआधी इथली एक बाई जपानात यावी, दोन वर्षं राहावी, काम करावं, तिथल्या बायकांना शिकवावं, असं युकोबाईंच्या मनात होतं. कार्यालयात त्यांनी सगळ्या टोलीच्या सुताच्या लडी पाहिल्या होत्या आणि एकच बाजूला काढली होती. तिला बांधलेल्या चिठ्ठीवर माझं नाव होतं.

आमच्या घरच्या सगळ्याच लडींवर माझं नाव असायचं, कारण सही मला यायची. ती लडी होती द्वारकाबाईच्या हातची. मला बघताक्षणी कळलं. माझ्या सुतात दर हातभर एक गाठ, आणि त्यात एकही नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं असं मी तेव्हा धरत नव्हते. कार्यालयाचे साहेब म्हणाले, कमलबाई शिकलेल्या आहेत, भाषा लवकर उचलतील. झालं. ती कमल, बेचाळीस वर्षांची, दोन लेकरांची आई, शेणानं सारवलेल्या अंगणात उभ्याउभ्या विमानात बसली.

घरी यांना विचारलं तेव्हा हे जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "जाय ना. इथी कोनं बांधून ठेवलं तुले?" त्या वाक्यात राग आहे की माया, याचा मी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी पाहिलं तर हे चुलीपाशी बसून भात शिजवायला शिकत होते, आणि करपलेला भात मुकाट्यानं खात होते. मला वाटलं, चला, एवढी तयारी यांचीही झाली.

माझी तयारी काय सांगू. काका पंधरा दिवसांतून एकदा जीपमधून यायचे, ओसरीवर बसून शिकवायचे, आणि मी शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचे. सकाळी भेटल्यावर काय म्हणायचं, जेवणाआधी काय, जेवल्यावर काय, कुणाच्या अंगणातून जाताना काय. मला वाटलं, या लोकांचा अर्धा दिवस बोलण्यातच जात असेल. मी मासळी विकायला निघालेल्या बायकांना पाळीवर गाठायची आणि कमरेतून वाकून जपानीत रामराम करायची. डोक्यावरची टोपली सांभाळत त्याही वाकायच्या आणि पुढं जाऊन फिदीफिदी हसायच्या. वाकण्याचे तीन प्रकार असतात, थोडं, मध्यम आणि पुष्कळ, हे मी सासऱ्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "माही तं कंबरच पुष्कळावर अटकली हाय."

बर्फ पडतो म्हणाले काका. बर्फ मी पाहिला होता तो मासळीच्या पेटीतला. थंडीची सवय असावी म्हणून पौषातल्या सकाळी तलावात गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहू लागले, हात जोडून, डोळे मिटून. चौथ्या दिवशी ताप भरला. टोलीत त्याला जपानचा ताप असं नाव पडलं आणि पुढं दोन-तीन वर्षं कुणालाही हिवताप आला तरी तेच नाव चाललं. दोन काड्यांनी भात खायचा, म्हणून बांबू तासून काड्या केल्या. एक शीत तोंडापर्यंत पोचेस्तोवर बाकीचं जेवण निवायचं. महिनाभर मी अशी अर्धपोटी उठत होते आणि त्याला अभ्यास म्हणत होते.

पासपोर्टच्या चौकशीला जमादार आले. त्यांनी विचारलं, "जपानले कायले?" मी म्हटलं, सूत काढायला. ते म्हणाले, "काऊन, इथलं सरलं काय?" आणि चहा पिऊन, सही करून गेले. त्या माणसानं गमतीत विचारलं होतं. पण सगळ्या त्या हिवाळ्यात कुणी मला कामाचा प्रश्न विचारला असेल तर तो त्यानंच. मी स्वतःला एकदाही विचारला नाही.

मग काका एकदा सहज बोलून गेले की तिथं सगळ्या बायका एकाच गरम पाण्याच्या हौदात, अंगावर चिंधी न ठेवता, आंघोळीला बसतात. ही बातमी टोलीत पासपोर्टच्या बातमीपेक्षा जोरात पसरली. मला उघडं बसायची लाज नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर तो हौद आला, त्यात युकोबाईंसारख्या गोऱ्यापान, लोण्यासारख्या बायका ओळीनं बसलेल्या, आणि त्यांच्यात ही भद्रावतीच्या कॉलनीतली दहावी पास कमल, डाव्या मांडीवर तव्याचं बूड घेऊन. छे.

त्या दिवसापासून घासायला सुरुवात केली. आधी वजरी, मग मसुराचं पीठ, मग हळद आणि साय, मग लिंबू. दुपारची सगळी निजली की मी मागच्या खोलीत. सूत काढणं थांबवलं, कारण काढलं तर पुन्हा काळं होणार. द्वारकाबाईला सांगितलं, मला अभ्यास आहे, माझ्या वाट्याचे कोसे तूच कर. तिनं दोन माणसांचे कोसे एका मांडीवर घेतले. संध्याकाळी तिची मांडी सुजलेली असायची, तिला मी त्याबद्दल काही विचारल्याचं आठवत नाही. हळदीचा वास तिला यायचाच. एकदा म्हणाली, "हळद लावून राह्यली, तुहं लगन हाय काय वो?" मी म्हटलं, जपानशी. ती इतकी हसली की सूत तुटलं. तिचं सूत तुटलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

माघापर्यंत मांडी उजळली. इतकी मऊ झाली की मीच दोन-तीनदा हात फिरवून पाहिला. कुंभारानं पाहुण्यांपुढं बरं दिसावं म्हणून आपलं चाक मोडून, धुऊन, कोनाड्यात मांडून ठेवावं, तसलं ते शहाणपण. पण कुंभार असं करणार नाही. तो कॉलनीत शिकलेला नसतो.

माघ सरता सरता युकोबाई परत आल्या. आता काम डोळ्यांनी पाहायचं आणि मग कागद करायचे, असं ठरलं होतं. मागच्या खोलीत त्या, मी आणि कोपऱ्यात कोसे निवडत बसलेली द्वारकाबाई. काका पुरुष, म्हणून ते भिंतीपलीकडे खाटेवर बसले आणि तिथून मोठ्यानं भाषांतर सांगू लागले. खाकरायची रीत त्यांना कुणी सांगितली होती कोण जाणे, ते प्रत्येक वाक्याआधी खाकरत होते.

मी मध्यम वाकले. वहीतली दोन वाक्यं म्हटली. युकोबाईंचे डोळे ओले झाले. मग मी पातळ वर घेतलं आणि मनात म्हटलं, आता पाहा. त्यांनी पाहिलं. थोड्या पुढं झुकल्या, डॉक्टर झुकतो तशा.

तंतू ओढले, मांडीवर ठेवले, तळहात फिरवला. तंतू सरळच्या सरळ पुढं घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. काचेवर दोरा वळल्यासारखं. राख लावली, दाब वाढवला. थोडासा पीळ आला आणि तुटला. मी हसले. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. त्या थंडीत कपाळावरून घाम गळायला लागला. मी तळहात आणखी जोरानं रेटला, आणि ती दोन महिने दूध-साय खाऊन बसलेली कातडी सोलली. सुतावर एक लाल ठिपका आला. मग दुसरा. युकोबाईंनी माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. पलीकडून खाकरण्याचा आवाज आला आणि काका म्हणाले, "त्या म्हणतात, पुरे."

कोपऱ्यातून द्वारकाबाई सरकत आली. उतू जाणारं भांडं चुलीवरून उतरवावं, तसे तिनं माझ्या हातातले कोसे काढून घेतले. त्यात मला खाली दाखवणं नव्हतं. काम अडलं होतं, ते तिनं पुढं चालू केलं, एवढंच. पातळ वर घेतलं. तळहात गेला आणि सूत आलं. गेला आणि आलं.

युकोबाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला हात उचलून द्वारकाबाईच्या त्या काळ्या मांडीवर ठेवला, झाडाच्या सालीवर ठेवावा तसा. आणि मागं सरकून इतक्या वाकल्या की कपाळ सारवणाला टेकलं. द्वारकाबाईनं घाबरून मला विचारलं, "काय पडलं वो त्यांचं?" आणि तीही चटईखाली शोधायला लागली.

मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं, पण ते पोटातून येत नाही.

काकांनी भिंतीपलीकडून सांगितलं की युकोबाईंना द्वारकाबाईलाच न्यायचं आहे. शिक्षणाची, भाषेची अडचण नाही, त्या सगळं सांभाळतील. कागद मराठीत टाइप करून पाठवतो, नीट वाचा आणि आठ दिवसांत कळवा. द्वारकाबाई म्हणाली, "मले काय समजते? कमल सांगन तसं."

ते आठ दिवस मला सबंध हिवाळ्यापेक्षा जास्त आठवतात. पहिले दोन दिवस ती नेहमीसारखीच होती. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं माझ्या बांबूच्या काड्या उचलल्या आणि पहिल्याच फटक्यात भात तोंडात घातला. मी पाहतच राहिले. जन्मभर उकळत्या मडक्यातून दोन काटक्यांनी कोसे उचललेला हात तो. त्याला शीत काय जड. ती म्हणाली, "हे तं सोपं हाय वो," आणि सगळं ताट तसंच संपवलं. यांनी मान खाली घालून हसू लपवलं. मी मात्र माझं ताट बाजूला सारलं.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, सकाळी भेटल्यावर काय म्हणतात तिथं. मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि पाणी भरायला गेली. दुपारी गोठ्यात म्हशीला तेच म्हणताना मी ऐकलं. तिच्या आवाजात असं काही होतं जे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. आमच्या घरात ती कधी मोठ्यानं बोलत नसे. म्हशीशी ती मोठ्यानं बोलत होती, परक्या देशाच्या भाषेत. संध्याकाळी तिनं आपलं जुनं गाठोडं सोडलं, दोन लुगडी होती ती झटकली, घडी घातली, आणि पुन्हा बांधलं. सामान म्हणून तिचं तेवढंच होतं. बांधायला वेळ लागला नाही.

पाचव्या दिवशी कागद आला. तीन पानं. तिनं हात धुतले, पोथी ऐकायला बसावं तशी माझ्यासमोर बसली, पदर नीट केला. मी वाचायला लागले.

कागदावर होतं की आपल्याकडच्या रीतीप्रमाणे काम बंद खोलीत, फक्त बायकांसमोर होईल, पुरुषांना आत येऊ दिलं जाणार नाही. मी वाचलं, सगळ्यांसमोर बसावं लागेल, बापये येतील, फोटो काढतील. कागदावर होतं, वर्षातून एकदा घरी येता येईल. मी वाचलं, मधे येता येणार नाही. हे करताना माझा आवाज अजिबात कापला नाही. शाळेत मला वाचनात बक्षीस होतं. मी बोट ओळीवरून फिरवत होते आणि ओळीवर नसलेलं वाचत होते, आणि ती बोटाकडे पाहत होती.

बापयांसमोर म्हटल्यावर तिनं मांडीवरचं पातळ खाली ओढलं, पातळ खालीच होतं तरी. थोड्या वेळानं म्हणाली, "युकोबाईच्या जवळ बसन मी. आंग चोरून बसन." म्हणजे तेवढ्यावरही ती जायला तयार होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मग तिनं विचारलं, "अन् मेली तं?"

कागदावर तेही होतं. काही बरंवाईट झालं तर माणसाला घरी पोचवण्याची जबाबदारी त्यांची. मी ती ओळ डोळ्यांनी वाचली आणि म्हटलं, "तिथंच जाळतात. राखही मिळत नाही."

तिच्या नवऱ्याला जंगलातून खाटेवर घालून चौघांनी घरी आणलं होतं. ती तेव्हा दारात उभी होती. म्हणाली, "मंग नाई जात."

नकाराचं पत्र मी लिहिलं. तिनं खाली अंगठा दिला. आणि आता सगळं सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते, अंगठ्याच्या खाली जागा उरली होती, तिथं मी बारीक अक्षरात एक ओळ घातली, की कमल यांची मांडी आता बरी झाली आहे. बघा म्हणजे. एवढं करून ती कमल अजून विमानातून उतरलेली नव्हती.

त्या ओळीला उत्तर आलं नाही. युकोबाईंचं आभाराचं पत्र आलं, काकांच्या हातचं भाषांतर केलेलं. आमच्या रीतीचा मान राखून त्या पुन्हा विचारणार नाहीत, असं त्यात होतं. सोबत एक फोटो होता, नुसत्या दोन हातांचा, सूत ओढतानाचा. मी तो द्वारकाबाईला दाखवला. तिनं उजेडाकडे नेऊन पाहिला, म्हणाली, "कोनाचे हात होत हे? चांगले हायेत," आणि परत दिला.

जपानात दुसरी कुणी गेली नाही. दोन-तीन वर्षांत मांडीवरचं सूत बंद झालं. साहेब लोक म्हणाले, बायकांची त्या दुखण्यातून सुटका झाली, आणि ते खरंच होतं. मशीनवर तरण्या पोरी बसल्या. मग वीज नसायची, मग मशीन नीट करायला माणूस येत नसे, मग कोसेच कमी यायला लागले. द्वारकाबाई तेंदूपत्त्याला जाऊ लागली, भाताच्या रोवणीला जाऊ लागली, दुसऱ्याच्या बांधीत वाकू लागली. ते वाकणं पुष्कळ या प्रकारातलं. मागच्या खोलीत आता खताच्या पिशव्या असतात, दार उघडंच राहतं, आणि कुणी खाकरत नाही. हे जाऊनही सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत स्वतःचा भात स्वतः शिजवायचे. शिकलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणायचे. मला जपानवरून एका शब्दानं कधी बोलले नाहीत. त्यांना काय काय कळलं होतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

काकांच्या वहीतलं मला आता काही आठवत नाही. परवा मुद्दाम आठवून पाहिलं. जेवणाआधीचं गेलं, जेवणानंतरचं गेलं. सकाळी भेटल्यावर म्हणायचं तेही गेलं. द्वारकाबाईला ते येतं. अजून कधीतरी बकरीला म्हणते.

मागच्या आठवड्यात वास आला तो असा आला. रेशीम कार्यालयातून एक मुलगी आली होती, हातात मोबाइल, पाठीला पिशवी. जुनी कामं कशी होत, ते म्हाताऱ्यांना विचारून ती टिपून घेत होती. सोबत कोसे आणले होते, शेजारच्या अंगणात तिनंच उकडायला ठेवले होते, म्हणाली, कुणी मांडीवर सूत काढून दाखवाल का. टोलीत आता दाखवण्याजोगी मांडी एकच उरली आहे. पण द्वारकाबाईच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय, आणि बोटं थरथरतात. तिनं कोसे चाचपले, एक तंतू ओढला, तो सापडता सापडता हरवला. तिनं हसून मान हलवली. मुलीनं मोबाइल खाली घेतला.

मग उन्हात बसून चहा झाला आणि द्वारकाबाईनं तिला गोष्ट सांगितली. ती सगळ्यांनाच सांगते. सुनांना, नातींना, दवाखान्यातल्या नर्सबाईंना. "मी जपानले चालली होती, पोरी. मले वाचता येत नाई ना. माही जाऊ शिकलेली, तिनं कागद वाचला अन् वाचवलं मले. नाई तं कुठी मेली असती, राखही आली नसती." मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुम्ही होतात म्हणून." मी चहाचा कप खाली ठेवला आणि गुडघा चोळला.

मुलगी गेल्यावर आम्ही दोघीच उन्हात बसलो. द्वारकाबाईनं तोंड तलावाच्या बाजूला केलं होतं. दिसत नाही तिला, पण पाण्यावरून येणारा वारा तिला समजतो. म्हणाली, "कमल, एक पुसायचंच राह्यलं तवा. तिथी तलाव होता काय वो? कागदावर काई होतं काय?"

पहिल्या पानावर, दुसऱ्याच ओळीत होतं. गाव मोठ्या तलावाच्या काठी आहे, राहण्याच्या खोलीच्या खिडकीतून पाणी दिसतं. मला ती ओळ अक्षरन् अक्षर पाठ आहे.

"नाई," मी म्हटलं. "डोंगरच डोंगर होते."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि माझा हात चाचपून तिनं आपल्या मांडीवर ठेवून घेतला.